बंदूक घ्यायचीच तर कोणती?

तूर शेंगांवर आली आणि हरभऱ्याने जमीन झाकली की बीबी, किनगाव जट्टू, सुलतानपूर या पट्ट्यात आम्हा शेतीखात्याच्या माणसांना पिकापेक्षा जनावरांविषयीच जास्त विचारले जाते. अळीवर औषध सांगता येते, मर रोगावर उपाय सांगता येतो. रोह्यांवर काय फवारणार? एका रात्रीत रोह्यांचा कळप तुरीचे शेंडे खुडून जातो, डुकरांची टोळी मका आडवा करते, भुईमूग तर नांगरल्यासारखा उकरून ठेवते. सकाळी धुऱ्यावर उभा राहिलेला माणूस मग म्हणतो, "साहेब, आता बंदुकीचं लायसनच काढतो. बाराबोर घेऊ का रायफल घेऊ, तेवढं सांगा."

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत फार वाढला आहे, आणि त्याची उत्तरे चहाच्या टपरीवर फुकट मिळतात. जितकी मोठी गोळी तितके बरे, रायफल म्हणजे रायफल, बाराबोर काय पाखरं मारायची, असे बरेच काही कानावर येते. म्हणून या विषयावर सरळ लिहायचे ठरविले. बंदूक घ्या असे आमचे सांगणे नाही. घेऊच नका असे सांगण्याचाही अधिकार आम्हाला नाही; ज्याचे वावर रात्रीतून साफ झाले त्याला उपदेश नको असतो. पण घ्यायची ठरविलीच तर काय पाहून घ्यावी, हे कोणीतरी सांगायला हवे.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, कारण इथेच निम्मे लोक फसतात. बंदुकीचा परवाना वेगळा आणि जनावर मारण्याची परवानगी वेगळी. पहिला परवाना शस्त्र अधिनियम १९५९ खाली जिल्हाधिकारी देतात. त्यासाठी वय २१ पूर्ण लागते, पोलिसांचा अहवाल लागतो, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. मिळाला की पाच वर्षे चालतो. पण हा कागद खिशात असला म्हणून तुमच्या तुरीत शिरलेल्या रोह्यावर बार टाकायचा हक्क येत नाही. तो हक्क वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली, वनखात्याने लेखी परवानगी दिली तरच येतो. उभ्या पिकाचे नुकसान हे त्या कलमात स्पष्ट लिहिलेले कारण आहे. रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत परवानगीची वाट सोपी करणारा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१५ साली काढला. तेव्हा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यायचा, त्याची पोच घ्यायची, परवानगीवर लिहिलेल्या अटी वाचायच्या आणि मगच पुढचे बोलायचे.

ही वाट रोही आणि रानडुकरांपुरतीच आहे. काळवीट आणि चिंकारा दोन्ही अनुसूची एक मध्ये आहेत. आपल्या माळावर काळविटांचे कळप दिसतात, हरभऱ्याला तेही तोंड लावतात, पण पिकाच्या नुकसानीसाठी त्यांना मारण्याची परवानगी मिळत नाही. काळवीट पडले तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. रात्री बॅटरीच्या उजेडात चमकणारे डोळे रोह्याचे की काळविटाचे, हे ज्याला सांगता येत नाही त्याने बंदुकीला हातच लावू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

बोअर म्हणजे काय, हे बंदूक बाळगणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीची जी जाडी, ती बाराबोर नळीची जाडी. म्हणजे साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. या नळीला आतून आटे नसतात, ती पाइपासारखी गुळगुळीत असते. रायफलीचे तसे नाही. तिच्या नळीत आटे असतात, त्याने गोळी फिरत जाते आणि लांबवर सरळ जाते. तिचा आकडा बहुधा इंचाच्या भागात मोजतात. .३१५ म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी तीनशे पंधरा, साधारण ८ मिलिमीटर.

आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या रायफली मोजक्याच आहेत. .३१५ ही सरकारी कारखान्याची, पश्चिम बंगालमधल्या ईशापूरची जुनी ओळखीची रायफल. तिचे काडतूस आपल्या पुण्याजवळ खडकीला होते. त्याच ईशापूरची .३०-०६ ही त्याहून जोरदार. आणि .२२ ही बारीक, नेमबाजी शिकण्याची. .३०३ मागू नका. ते सैन्याचे काडतूस असल्याने तो बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाही. फौजेतून आलेली आपली मंडळी तिची आठवण काढतात, पण ती आठवणीतच राहू द्यावी लागेल.

गोळीचा जोर जूल या मापात मोजतात. .२२ चा जोर नळीच्या तोंडाशी दीडशे-दोनशे जूल. .३१५ चा तीन हजारांच्या आसपास, .३०-०६ चा त्याहून पुढे. जर्मनीच्या शिकार कायद्यात रानडुकरासाठी मापच ठरवून दिले आहे: काडतूस किमान साडेसहा मिलिमीटरचे आणि शंभर मीटरवर गोळीत किमान दोन हजार जूल जोर शिल्लक असला पाहिजे. डुकरावर छर्रे झाडायला तिथे बंदी आहे. कारण उघड आहे. पूर्ण वाढलेल्या नर डुकराच्या खांद्यावर चिवट कातडीचे जाड कवच असते, आणि रोह्याचा नर दोनशे किलोच्या वर भरतो. अशा जनावरावर .२२ चालविणे म्हणजे त्याला महिनाभर कुजत मरायला सोडणे. एअरगनबद्दल तर बोलूच नये. पोरे हौसेने रोह्यांवर छर्रे मारतात, त्याने पीक वाचत नाही आणि जनावर मात्र हालहाल होऊन फिरते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग ठरलेच की, .३१५ घ्यावी. इथेच आमचे मत वेगळे आहे.

जर्मनीत शिकारी जंगलाच्या कडेला उंच माळ्यावर बसतो, समोरचा टापू त्याला पाठ असतो आणि रात्री तिथे कोणी भाजीला पाणी देत नसतो. आपले वावर आठवा. भारनियमनामुळे मोटर रात्री दोनला सुरू होते, म्हणून शेजारचा माणूस दोनला दांड फोडायला येतो. पलीकडच्या वावरात कोणी जागलीला असतो. मेंढपाळाचा वाडा कधी या धुऱ्याला, कधी त्या. लोणार तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, त्यावर रात्रभर गाड्या धावतात. जमीन बरीचशी सपाट, मधे एखादा नाला आणि वेड्या बाभळीचे रान. रायफलीची गोळी चुकली, किंवा जनावरातून आरपार गेली, तर ती दोन-अडीच किलोमीटरपलीकडेही जीव घेऊ शकते. .२२ ची चिमुकली गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाते. बाराबोरची एकच मोठी गोळी असलेले काडतूस किलोमीटरभर. मोठे छर्रे पाचशे-सहाशे मीटरवर थंड पडतात. रात्रीच्या अंधारात पाचशे मीटरमध्ये कोण आहे हे जागलकऱ्याला कदाचित सांगता येईल. दोन किलोमीटरमध्ये कोण आहे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

तेव्हा बीबीच्या वावरात बंदूक निवडायची ती नेम धरलेल्या जनावराच्या मागे काय आहे, हे पाहून. जनावर किती मोठे, हे त्यानंतर.

कायद्याचेही हेच मत आहे, जरी कारण वेगळे असेल. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी पहिल्यांदा ठासणीची बंदूक धरली आहे. ठासणीच्या बंदुकीने भागत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बाराबोर, देता येते. शेत राखण्याच्या कारणासाठी रायफल या तरतुदीत बसतच नाही. रायफलीसाठी दुसरे सबळ कारण दाखवावे लागते. म्हणून "पीकसंरक्षण" असे कारण लिहून रायफल मागणारा अर्ज वर्षभर फिरतो आणि परत येतो.

पण ठासणीची बंदूकही नको, हे आम्ही स्पष्ट सांगतो. दारू, गोळी, वात सगळे हाताने भरायचे, श्रावणात दारू सादळते, बार एकच, तो चुकला किंवा डूकर जखमी झाले की पुन्हा भरेपर्यंत ते अंगावर आलेले असते. जखमी डूकर पळत नाही, पुष्कळदा उलटते, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. इथे गावच्या तलाठी आणि पोलीस पाटील मंडळींना एक विनंती आहे. तुमच्याकडे अहवाल मागितला जातो तेव्हा "नुकसान होते, शिफारस आहे" एवढ्या दोन ओळींवर काम संपवू नका. कोणत्या गटात, कोणते पीक, कोणत्या जनावराने, किती वेळा, आणि ठासणीची बंदूक का पुरणार नाही, हे लिहा. वरच्या अधिकाऱ्याला खात्री पटवून घ्यायची तर कागदात काही असायला हवे. वनखात्याकडे केलेल्या नुकसानीच्या अर्जांच्या पोचपावत्या आणि पंचनामे अर्जाला जोडले तर ते अधिक बरे. ज्याने तीन वर्षे एकही पंचनामा केला नाही आणि चौथ्या वर्षी एकदम बंदूक मागितली, त्याच्याकडे साहेबांनी संशयाने पाहिले तर नवल नाही.

लोणार सरोवराभोवतीचा भाग हे अभयारण्य आहे, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत नवा बंदूक परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. ज्ञानगंगा अभयारण्याभोवतीच्या गावांनाही हेच लागू आहे. त्यामुळे आपले गाव या दहा किलोमीटरमध्ये येते की नाही, हे अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्या. अभयारण्याच्या आत हत्यार घेऊन पाऊल टाकायचे तरी लेखी परवानगी लागते.

तर बाराबोर. त्यातही कोणती? पहिली बंदूक घेणाऱ्याने मोडून उघडायची दुनळी घ्यावी. पंपाची बंदूक दिसायला रुबाबदार, पण तिच्यात काडतूस उरले आहे की नाही हे अंधारात नवख्याला कळत नाही. दुनळी मोडली की दोन्ही भोके समोर दिसतात. रिकामी की भरलेली, हे पोरसुद्धा सांगेल. एकनळी स्वस्त पडते, हलकीही असते; पण हलकी म्हणूनच खांद्याला लाथ जोरात बसते, आणि दुसरा बार नाही. लांबीचे पाहाल तर नळी वीस इंचांच्या खाली चालत नाही, कायद्यानेही नाही.

दुकानात गेल्यावर बंदूक खांद्याला लावून पाहा. डोळे मिटून खांद्याला घ्या आणि मग उघडा. नजर नळीवरून सरळ माशीवर गेली तर दस्ता तुमच्या मापाचा. मान ताणावी लागली किंवा गाल दाबून वाकावे लागले तर तो दस्ता दुसऱ्याचा. हिवाळ्यात स्वेटर आणि वर घोंगडी असते, म्हणून बंदूक पाहायला तेच घालून जा. हसू नका, उन्हाळ्यात मापाने घेतलेली बंदूक पौषात काखेत अडकते आणि त्या क्षणी रोही वावराबाहेर गेलेला असतो. उजव्या हाताच्या कित्येकांची डावी नजर बळकट असते. एक बोट लांब धरून एकेक डोळा मिटून पाहिले की कोणत्या डोळ्याने बोट जागेवर राहते ते कळते. ज्या बाजूचा डोळा बळकट, त्या खांद्यावर बंदूक घ्यायला शिकावे.

जुनी बंदूक घेणारे पुष्कळ आहेत. आजोबांची, मामांची, कोणा निवृत्त माणसाची. परवान्यावर रीतसर नोंद करून जुनी घ्यायला हरकत नाही, पण दोन गोष्टी जाणकार बंदूक कारागिराकडून तपासून घ्या. एक, काडतूस बसते ती जागा ६५ मिलिमीटरची आहे की ७० ची. ६५ च्या जागेत ७० चे काडतूस कधी कधी बसते, आणि तिथेच घात होतो. बार उडताना काडतुसाचे तोंड पूर्ण उघडत नाही, नळीत दाब वाढतो. दुसरे, नळीवर नागमोडी लहरींची नक्षी दिसते का. तशी नळी पट्ट्या पिळून जोडलेली, फार जुनी असते; काळ्या दारूच्या काळातली. आजच्या काडतुसांना ती टिकेल असे धरून चालू नका. अशी बंदूक भिंतीला शोभते.

काडतुसाचा विषय बंदुकीहून मोठा आहे, आणि यावरच लोक सर्वांत कमी विचार करतात. बारीक छर्ऱ्यांची काडतुसे पाखरांची. मोठ्या जनावरासाठी एल. जी. आणि एस. जी. ही दोन नावे लक्षात ठेवा. एल. जी. मध्ये साधारण सहा मोठे छर्रे असतात, एस. जी. मध्ये आठ-नऊ, जरा लहान. एल. जी. च्या एका छर्ऱ्यात नळीच्या तोंडाशी तीनशे-साडेतीनशे जूल जोर असतो. आता जर्मनीचा दोन हजारांचा आकडा आठवा. सहाच्या सहा छर्रे डुकराच्या पुढच्या पायामागे, छातीत बसले तर हिशेब जमतो. छर्रे फाकले आणि त्यातला एकच पोटात गेला तर जनावर जखमी होऊन कोणाच्या तरी वावरात शिरणार, आणि सकाळी तिथे निंदायला बायामाणसे येणार. छर्रे किती फाकतील हे अंतरावर आहे. म्हणून एल. जी. ची मर्यादा पंचवीस, फार तर तीस पावले धरा. एस. जी. चीही तेवढीच. चाळीस पावलांवर रोही दिसला आणि हात शिवशिवले तरी बार टाकू नये.

एकाच मोठ्या गोळीचे काडतूसही मिळते. जोर पुष्कळ, पन्नास पावलांपर्यंत काम करते. पण ते प्रत्येक नळीत चालत नाही. नळीचे तोंड ज्या बंदुकीत जास्त आवळलेले असते तिच्यात ते वापरू नये. पाकिटावर लिहिलेले असते, ते वाचा, नाही तर विकणाऱ्याकडून वाचून घ्या. दुसरे म्हणजे ही गोळी कठीण जमिनीवरून उसळते. काळ्या ओल्या जमिनीत ती रुतून बसते. बरडावर, मुरमाड उतारावर आपटली की दिशा बदलून जाते, आणि कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही. ज्याचे वावर बरडाचे, त्याने हे काडतूस विसरून जावे.

आणि मचाण. बाराबोर आणि मचाण ही जोडी आहे, एकाशिवाय दुसरे अपुरे. जमिनीवर उभे राहून आडवा बार टाकला तर चुकलेला छर्रा आडवाच जाणार. दहा-बारा फूट उंचीवरून वीस-पंचवीस पावलांवर खाली नेम धरला तर चुकलेलेही आपल्याच ढेकळांत शिरते. वारा आपल्याकडे येत असेल अशी जागा निवडा, डुकराचे नाक फार तिखट असते. रोही लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. तो ढीग सापडला की त्याची वाट सापडली. ज्याला मचाणीवर चार तास हलल्याशिवाय बसता येत नाही, त्याला .३०-०६ देऊनही उपयोग नाही. बसण्याआधी चारही बाजूंच्या वावरवाल्यांना सांगून ठेवा, की आज रात्री मी बसणार आहे, मोटर सुरू करायला येणार असाल तर आवाज द्या. हा निरोप द्यायला पाच मिनिटे लागतात.

घेतल्यानंतर हात बसवायला वावरात बार काढू नका. परवानगी असलेल्या चांदमारीच्या जागी जाऊन जेवायच्या ताटाएवढे वर्तुळ काढलेला कागद वीस, तीस आणि चाळीस पावलांवर लावा, आणि प्रत्येक अंतरावर किती छर्रे ताटात आले ते मोजा. तुमच्या बंदुकीची मर्यादा तुम्हाला कळेल. प्रत्येक नळीची वेगळी असते. दुनळीच्या दोन नळ्यांचीही वेगळी असते.

जनावर पडले तर ते सरकारचे असते. मटणाचे वाटे घालायचे नाहीत. वनखात्याला कळवायचे, पंचनामा होऊ द्यायचा, ते सांगतील तशी विल्हेवाट लावायची. वाटे घातल्यावर सगळ्या कागदांचा उपयोग संपतो आणि पीक राखणारा माणूस शिकारी ठरतो. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांनीही ऐकून ठेवावे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर हर्षाचा गोळीबार हा वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाच्या मामाला हे आधीच सांगावे.

हे सगळे वाचून एखाद्याच्या मनात येईल, की एवढे सगळे एकट्याने करायचे म्हणजे शेती कधी करायची. बरोबर आहे. म्हणूनच आमचे म्हणणे असे, की घरटी बंदूक हा या दुखण्याचा इलाजच नाही. गावात पन्नास बंदुका आल्या तर पन्नास अर्धवट नेमबाज तयार होतील, आणि पहिला बळी डुकराचा पडेल याची खात्री नाही. केरळ सरकारने २०२२ मध्ये एक वेगळी वाट काढली. रानडुकरे मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार तिथे गावच्या पंचायतीच्या अध्यक्षापर्यंत आणला, आणि मारायचे ते परवानाधारक बंदूकवाल्यांनी. विष, स्फोटक, वीज यांना मनाई. केरळचे डोंगर वेगळे, आपले माळ वेगळे, हे मान्य. पण गावाने ठरवून एक-दोन शिकलेले हात ठेवायचे, ही कल्पना इथेही चालण्यासारखी आहे. आपल्या गावांत फौजेतून निवृत्त झालेली माणसे आहेत. हत्यार कसे धरायचे आणि मुख्य म्हणजे कधी धरायचे नाही, हे त्यांना शिकवावे लागत नाही. अशा एक-दोघांच्या नावाने ग्रामसभेने ठराव करावा, परवान्याच्या अर्जाला तो जोडावा, आणि वनखात्याकडे नुकसान झालेल्या शेतकऱ्यांचे अर्ज एकत्र न्यावेत. हे आजच्या कायद्यातही करता येते. जिल्हा प्रशासनाने प्रशिक्षणाची सोय तालुक्याच्या ठिकाणी केली तर आणखी बरे. दाखल्यासाठी माणसाने कुठे कुठे हेलपाटे घालायचे?

एक गोष्ट मात्र चालणार नाही, आणि ती सर्रास चालते. कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणे. डूकर मरते, तसा पहाटे दूध घालायला निघालेला माणूसही मरतो. या राज्यात असे मृत्यू दरवर्षी होतात आणि मरणारा बहुधा शेजारी, नाही तर घरचाच असतो. बंदूकवाल्याने निदान नेम तरी धरलेला असतो, तार कोणालाच पाहत नाही. झटका यंत्राचे सौर कुंपण वेगळे. त्यात क्षणभराचा धक्का बसतो, जीव जात नाही. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळते. आपले गाव बसते का, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. ज्याचे सहा-सात एकर एका तुकड्यात आहेत त्याने बंदुकीआधी याचा हिशेब करून पाहावा. बंदूक एका रात्री एका मचाणीपुरती, कुंपण सगळ्या रात्री सगळ्या बाजूंनी.

तरीही ज्याला अर्ज करायचाच आहे त्याने तो तूर शेंगांवर येण्याची वाट पाहू नये. पोलीस अहवाल, प्रशिक्षण, शिफारशी यांत महिने जातात. निवडणूक लागली तर हातात असलेली बंदूकही पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते, मग हरभरा उघडाच. यंदाच्या नुकसानीचे पंचनामे आत्ताच करून घ्या, सातबारा आणि पोचपावत्या एका पिशवीत ठेवा, आणि अर्जात "बाराबोर दुनळी, पीकसंरक्षणासाठी" एवढेच स्वच्छ लिहा. ग्रामसभेचा ठराव हवा असेल तर पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत तो विषय घालायला ग्रामपंचायतीला आधी लेखी कळवावे लागते.